दुसरीच्या साच्यावर

५ मे, सोमवार

ताई,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं वाच, की हे पत्र कुणी गेल्याचं नाही, कुणाच्या लग्नाचं नाही आणि बाबा ठणठणीत आहेत. पत्ता तुझ्या ड्रॉइंगवाल्या मैत्रिणीकडून मिळवला. ती द्यायला तयारच नव्हती. मी महिनाभर तिचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे तुझ्या शाळेचा पत्ता मिळाला, घराचा नाहीच. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड.

मी परदेशात आहे. आई गेल्यानंतर मी कृत्रिम पाय बनवण्याचं शिक्षण घेतलं आणि आता तीन वर्षं एका केंद्रात नोकरी करतेय. त्यांनीच मला एका सेमिस्टरसाठी इथे पाठवलंय. जानेवारीत आले, महिनाअखेरीस परत. म्हणजे उरले जेमतेम चार आठवडे. वसतिगृहातल्या बाकीच्या पोरी सध्या फोटो काढण्यात आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडण्यात गुंग आहेत. सामायिक स्वयंपाकघरात रोज कुणाचा तरी निरोपसमारंभ चालू असतो आणि माझं पातेलं कुणीतरी पळवलेलं असतं.

मी मात्र वैतागलेय, कारण आमच्या वर्कशॉपमध्ये एक भानगड झालीय. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी काम करते. तीही माझ्यासारखी दुसऱ्या देशातून आलेली. एवढीशी आहे, बोलत नाही, सकाळी सगळ्यांच्या आधी येते आणि दिवसभर खाली मान घालून काम करते. मी तिला मनातल्या मनात मुंगी म्हणते. तर या मुंगीने एका पेशंटचा पाय बिघडवलाय. पेशंट म्हणजे एक म्हातारे बसड्रायव्हर. आयुष्यभर बस चालवली, साखरेच्या आजाराने गुडघ्याखाली एक पाय गेला. त्यांना तिने बनवलेला पाय लावला आणि चार दिवसांत आत जखम झाली. साखरेमुळे त्यांना दुखलेलं कळतच नाही. मोजा रक्ताने भरला तेव्हा कळलं.

आता चौकशी बसणार म्हणतात. आम्हा सगळ्यांचीच शेवटच्या आठवड्यांत वाट लागली. एवढंच सांगायचं होतं.

तुझी
शेंडे

(तुझ्याशिवाय मला या नावाने कुणी हाक मारत नाही. घरात शेंडेफळ म्हणायचे, तू त्यातलं फळ काढून टाकलंस.)


९ मे, शुक्रवार

ताई,

पहिलं पत्र तुला अजून पोचलंही नसेल आणि मी दुसरं लिहायला बसले. तुझं उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

ड्रायव्हरकाकांची जखम चिघळलीय. काल मास्तर, म्हणजे आमचे वर्कशॉपचे शिक्षक, वॉर्डात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले की आठ-दहा दिवस वाट बघू, आटोक्यात आली नाही तर गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. गुडघा असणं आणि नसणं यात किती फरक पडतो हे तुला कसं सांगू? गुडघा असला तर माणूस जिना चढतो, स्वतःची स्वतः संडासला जातो. गुडघा गेला की या वयात बहुतेक जण खुर्चीत बसतात ते बसतातच.

जखम का झाली ते सांगते. आमचं काम असं असतं: उरलेल्या पायाचा आधी प्लास्टरचा साचा काढायचा. मग त्या साच्यावर कानस चालवून त्याला आकार द्यायचा. त्यावर प्लास्टिक ओढलं की पाय बसायची वाटी तयार होते, तिला सॉकेट म्हणतात. आता गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला एक छोटं हाड असतं. बोटाने चाचपून बघ, लागेल हाताला. त्या हाडावर दाब पडून चालत नाही. म्हणून साच्यावर नेमकं तिथे थोडं जास्तीचं प्लास्टर लावून टेंगूळ ठेवतात. साच्यावर टेंगूळ म्हणजे सॉकेटमध्ये खळगा, आणि खळग्यात हाड सुखाने बसतं. काकांच्या सॉकेटमध्ये तो खळगाच नाहीये. सपाट आहे. हाड चार दिवस प्लास्टिकवर घासलं.

साचा तर सॉकेट काढतानाच फोडून टाकतात, त्यामुळे दाखवायला काही शिल्लक नाही. आहे तो फक्त कामाचा कागद. त्यावर प्रत्येक पायरीपुढे सही करावी लागते. ‘टेंगूळ लावलं’ यापुढे मुंगीची सही आहे.

मास्तरांनी तिला विचारलं, लावलं नव्हतंस तर सही का केलीस? ती म्हणाली, मी लावलं होतं. मग मास्तरांनी सॉकेट तिच्या हातात दिलं आणि आत बोट फिरवायला सांगितलं. तिने फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, मला लावल्याचं आठवतंय, पण मी लावलेलं नसणार.

ताई, त्या वेळी मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. टेबल पुसत होते. माझ्या हातातलं फडकं थांबलं ते मास्तरांनी पाहिलं की काय कोण जाणे.

आज एवढंच. दोन दिवस जेवण जात नाहीये. इथलं पाणी बाधलं असेल.

शेंडे


१४ मे, बुधवार

ताई,

पाणीबिणी काही बाधलेलं नाही. मागच्या दोन्ही पत्रांत मी तुला अर्धंच सांगितलं.

एप्रिलच्या मध्यावर एक दिवस मुंगीची दाढ ठणकत होती. ती दुपारीच डेंटिस्टकडे गेली. तिच्या टेबलावर काकांचा साचा तसाच उभा होता, खडबडीत, ओबडधोबड. माझं काम आटपलं होतं. आता आमच्या केंद्रातली रीत तुला माहीत नाही. तिकडे रोज दारात पंचवीस-तीस माणसं आणि कारागीर सहा. साचा कुणाचाही असो, येताजाता जो तो त्यावर कानशीचे चार हात मारतो. उभं राहून कोण कुणाचं काम करतोय हे बघायला वेळ कुणाला असतो? त्यातच मी तयार झाले. दुसऱ्याचा साचा खडबडीत दिसला की माझे हात शिवशिवतात.

इथे मात्र कडक नियम आहे की एका पेशंटच्या साच्याला एकाच माणसाचा हात लागायचा. पहिल्या दिवशी मास्तरांनी तीनदा बजावलं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, मोठे आले शहाणे, यांच्याकडे माणसं कमी म्हणून यांची थेरं.

तर मी घेतली कानस. मुंगी उद्या सुजल्या गालाने येईल, तिचं तासाभराचं काम वाचेल, असं मला वाटलं. हे खरं आहे. पण हेही खरं आहे की ती ज्या कामाला दोन दिवस घेते ते मी वीस मिनिटांत करते, हे मला तिला दाखवायचं होतं. बाहेरच्या अंगाला प्लास्टरचा एक गोळा वर आलेला दिसला. आमच्याकडे टेंगूळ सगळ्यात शेवटी लावतात, आकार पूर्ण झाल्यावर. त्यामुळे आकार देताना जे काही वर आलेलं दिसेल ते फालतू, ओतताना सांडलेलं. इथे उलटं आहे, इथे टेंगूळ आधी लावतात आणि मग बाकीचा आकार देतात. हे मला माहीत होतं गं. तीन महिने मी स्वतः इथल्याच पद्धतीने करत होते. पण हाताला कुठे माहीत होतं? हात तीन वर्षांच्या सवयीवर गेला आणि त्याने तो गोळा छानपैकी सपाट केला. वरून फुंकर मारून पूड उडवली आणि साच्यावर ओलं फडकं फिरवलं. गुळगुळीत झाल्यावर मी त्याला थापटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिला सांगणार होते. ती आली ती गालाला रुमाल बांधून, डोळे अर्धवट मिटलेले. तिला काही वेगळं दिसलंच नाही. म्हटलं दुपारी सांगू. दुपारी मास्तर शेजारी उभे होते. मग राहून गेलं. दोन मे रोजी काकांचं सॉकेट उघडं टेबलावर आलं आणि मी त्यात वाकून पाहिलं, तेव्हा मला माझी कानस आठवली. मुंगीने टेंगूळ लावलं होतं. तिची सही खरी आहे.

तरी मी गप्प आहे. आज बारा दिवस झाले. मला सर्टिफिकेट हवंय ताई. ते घेऊन गेले तर केंद्रात मला नवीन विभागाचं काम देणार आहेत. मी स्वतःला सांगते की तिने शेवटी तपासायला हवं होतं, नाही का? सही केली म्हणजे जबाबदारी तिचीच, नाही का? तू समोर असतीस तर ‘नाही का’ म्हणून संपायच्या आत टपली मारली असतीस.

मुंगी हल्ली एक विचित्र गोष्ट करते. काम झालं की उठते, दाराशी जाते, परत येते आणि पुन्हा बोटाने चाचपून बघते. मग पुन्हा दाराशी जाते. काल पाच वेळा. बाकीची मुलं हसायला लागली. तिला आता स्वतःच्या हातांवर भरवसाच राहिलेला नाही. मला म्हणाली, मी डोक्याने ठीक नाही बहुतेक, न केलेल्या गोष्टी मला केल्यासारख्या आठवतात.

मी तिला चहा करून दिला. बघ, किती मायाळू आहे मी.

शेंडे


१८ मे, रविवार

ताई,

गुरुवारी चौकशी. चार जण बसणार. मुंगीच्या विरुद्ध निकाल गेला तर तिचं नुसतं सेमिस्टर जाणार नाही, तिला या कामाचा परवानाच मिळणार नाही. तिच्या गावच्या दवाखान्यात पाय बनवणारं कुणीच नाही, तिची वाट बघून बसलेत तिथे. हे तिने मला भांडी घासता घासता सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, सहज.

मास्तरांनी मला शुक्रवारी बोलावून घेतलं होतं. म्हणाले, तू तिच्या शेजारी काम करतेस, तूही ये. ती हलगर्जी आहे का, तुझ्या डोळ्यांसमोर काही घडलं का, एवढंच विचारतील. आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना संशय आहे की मलाच तसं वाटतं, देव जाणे. मी म्हटलं, येईन.

तीन दिवस मी काही ना काही काम काढून मन रमवायचा प्रयत्न केला. बॅग भरली, पुन्हा उपसली. खिडकीच्या काचा पुसल्या. ज्या खोलीत दोन आठवड्यांनी दुसरीच कुणी राहणार, तिच्या काचा पुसून मला काय करायचंय? काल वॉर्डात जाऊन आले. काकांना ताप आहे. मला बघून म्हणाले, अगं, ती छोटी मुलगी कशी आहे? फार रडत होती, तिला सांग मी काही रागावलो नाही. मी ‘सांगते’ म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले.

मी हे सगळं तुलाच का लिहितेय, असा प्रश्न तुला आत्तापर्यंत पडला असेल. किंवा पडला नसेल, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

‘मला लावल्याचं आठवतंय.’ हे वाक्य मी मुंगीच्या आधी ऐकलंय ताई. आई गेल्यावर पाचव्या दिवशी, बाहेरच्या खोलीत सगळे बसले असताना, तू म्हणाली होतीस. मी पलंगाचा कठडा लावला होता, मला लावल्याचं आठवतंय. आणि आत्या म्हणाली होती, मग काय भुताने काढला? तुझ्या एका निष्काळजीपणापायी आमची वहिनी गेली. तू सगळ्यांकडे एकेक करून बघितलंस. बाबांकडे, आपल्या काकांकडे, मग माझ्याकडे. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि आत भरायला गेले. तो भरलेलाच होता.

तू नोकरीवर पाणी सोडून दहा महिने आईचं केलंस. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं. मी कॉलेजातून यायचे, आईच्या गालाला गाल लावायचे आणि लाडकी म्हणून मिरवायचे. त्या दिवशीही तशीच आले. चार वाजले होते. तू अंघोळीला गेली होतीस, पाण्याचा आवाज येत होता. आई जागी होती. म्हणाली, केस विंचरून दे गं. मी फणी घेतली. पलंगाच्या कडेला बसले. अर्धी वेणी झाली आणि माझा फोन वाजला.

पुढचं मला लिहिता येत नाहीये. आज पाकीट बंद करते आणि आहे तसं टाकते, नाहीतर उद्या फाडून टाकेन.

शे.


२२ मे, गुरुवार

ताई,

झालं.

लांबट खोली, लांबट टेबल. पलीकडे विभागप्रमुख बाई, मास्तर, हॉस्पिटलचे सर्जन आणि लिहून घेणारा एक क्लार्क. अलीकडे मुंगी, तिच्या खुर्चीत अर्धीच बसलेली. मी भिंतीजवळच्या बाकावर. मी खरं बोलणार असं ठरवून गेले होते असं समजू नकोस. मी काहीच ठरवलं नव्हतं. दारातून आत जाईपर्यंत माझ्या डोक्यात दोन्ही उत्तरं तयार होती.

मुंगीला विचारलं तेव्हा ती म्हणाली की चूक माझीच आहे, मी सही केली पण काम केलं नव्हतं, का ते मला सांगता येत नाही. सर्जनांनी विचारलं, म्हणजे तू खोटी सही केलीस? ती म्हणाली, हो, असंच दिसतंय. क्लार्कने ते लिहून घेतलं. तिने मान डोलावली आणि त्याला लिहायला वेळ मिळावा म्हणून थांबून राहिली. ताई, स्वतःविरुद्धचं वाक्य तो नीट लिहून घेतोय ना, इकडे तिचं लक्ष.

मग बाईंनी मला विचारलं, तुला काही सांगायचंय? मी उभी राहिले. मला इथली भाषा अजून तोडकीमोडकीच येते, आणि त्या क्षणी तर होती नव्हती ती सगळी पळाली. मी म्हटलं,

“तिने लावलं होतं. मी काढलं.”

कुणाला काही कळेना. बाई म्हणाल्या, नीट सांग. मग मी हाताने दाखवलं. टेबलावर काचेचा पेला होता, तो पालथा धरून त्यावर दुसऱ्या हाताने कानस चालवून दाखवली. कुठला दिवस, किती वाजता, कुठली कानस, सगळं. आमच्याकडची रीत सांगितली, आणि ती सबब म्हणून सांगत नाहीये हेही सांगितलं. सर्जन माझ्यावर भडकले. म्हणाले, आम्हाला पहिल्या दिवशी कारण कळलं असतं तर ही मुलगी वीस दिवस अशी पिचली नसती. त्यांचं बरोबर होतं. मास्तर खाली कागदाकडे बघत होते.

मुंगी माझ्याकडे बघतच नव्हती. आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती. तळवे वर, मग खाली. मग एकदम रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत.

निकाल तिथल्या तिथे सांगितला. तिच्यावरचा आरोप रद्द. माझं सेमिस्टर रद्द, सर्टिफिकेट नाही, आणि आमच्या केंद्राला पत्र जाणार. उद्यापासून वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही. चुकीपेक्षा जास्त शिक्षा गप्प बसण्याची आहे, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी, मुंगी मला गाठायला थांबली होती. मला वाटलं आता गळ्यात पडेल, थँक्यू म्हणेल. मूर्ख मी.

“किती दिवस माहीत होतं तुला?” तिने विचारलं.

“वीस.”

तिने कोट घातला, सगळी बटणं लावली, आणि गेली. स्वयंपाकघरात आता मी शिरले की ती बाहेर जाते. माझ्या हातचा चहा वीस दिवस प्यायली, तो तिला आता आठवत असेल.

केंद्रातून फोन आला नाही अजून. येईल. नोकरी राहील की जाईल सांगता येत नाही. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू?

शेंडे


२५ मे, रविवार

ताई,

हे शेवटचं पत्र. शनिवारी विमान आहे. कदाचित हे सगळे कागद तुला एकदमच मिळतील, मी घरी पोचल्यावर. मिळतील तेव्हा दुसरं काही वाचलं नाहीस तरी हे वाच.

आधी ड्रायव्हरकाकांचं सांगते. ताप उतरलाय, जखम सुकायला लागलीय, गुडघा वाचला. शुक्रवारी मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं की ती छोटी मुलगी नव्हती, मी होते. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. त्यांच्या मुलीने मला अगदी सभ्यपणे बाहेर जायला सांगितलं. छोट्या मुलीवर रागावले नव्हते, माझ्यावर रागावले. रागावू देत.

आता ते. मागच्या रविवारच्या पत्रात मी फोन वाजल्यापाशी थांबले होते.

आईच्या पलंगाला कठडा होता. भाड्याने आणलेला लोखंडी पलंग, एका बाजूला भिंत आणि एका बाजूला तो खटका दाबून खाली घ्यायचा कठडा. तो वर असताना कडेला बसता येत नाही. मी वेणी घालायला तो खाली घेतला. फोन आला म्हणून फणी आईच्या हातात दिली आणि गच्चीत गेले. मैत्रिणीचा होता, कुणाशी तरी तिचं जुळलं होतं, त्याचं पुराण. मी हसत होते. कठडा वर करायचा राहिला. बहुतेक फणी घसरली असेल आणि आई वाकली असेल. आवाज आला तेव्हा तू ओल्या केसांनी धावलीस, मी तुझ्या मागून आले. तू कठडा खाली असलेला बघितलास आणि कपाळावर हात मारून घेतलास. मी त्याच क्षणी बोलू शकत होते. आईला त्यानंतर नीट बोलता आलंच नाही, आणि अकरा आठवड्यांनी ती गेली, म्हणजे सांगू शकणारी मी एकटीच उरले. अकरा आठवडे रोज तुझ्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसले आणि बोलले नाही. आत्या बोलली तेव्हाही नाही. तू बॅग घेऊन उतरलीस तेव्हा जिन्यात मी तुझ्या हातातली पिशवी घेऊ लागले. तू म्हणालीस, राहू दे गं, तुझा काय दोष? तेव्हाही नाही.

मुंगीने विचारलं तसं तू विचारशील. सहा वर्षं, ताई. सहा वर्षं मला माहीत होतं.

काल दुपारी बाबांना फोन केला. आधी सेमिस्टरचं सांगितलं. ते म्हणाले, ये परत, बघू. मग कठड्याचं सांगितलं. सगळं, वर लिहिलंय तसंच. बाबा म्हणाले,

“मला माहीत होतं. तू पलंगाच्या कडेला बसलेली मला बाहेरच्या खुर्चीतून दिसत होतीस.”

मी विचारलं, मग बोलला का नाही? ते म्हणाले, तू एकवीस वर्षांची होतीस, कोलमडली असतीस. “ती सावरेल असं वाटलं.”

म्हणजे तू समर्थ, म्हणून तुझ्यावर टाकलं. दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता. मी फोनवर बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ओरडताना अर्ध्यात कळलं की मला तो हक्क नाही, तरी ओरडले. ते ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, तिचा पत्ता आहे का तुझ्याकडे? मी म्हटलं, आहे, पण तिला विचारल्याशिवाय देणार नाही. ते म्हणाले, बरोबर आहे.

हे तुला कळवावं की नाही यावर माझा कालपासून जीव टांगणीला लागला होता. बाबा आता थकलेत, त्यांच्याबद्दल तुझ्या मनात जे थोडंफार चांगलं उरलं असेल ते मी का घालवू? मग वाटलं, तुझ्यासाठी काय बरं आणि काय वाईट हे ठरवण्याचा उद्योग या घराने पुरेसा केलाय.

घरी गेले की आत्याकडे जाणार आहे. आपले काका, काकू, त्या दिवशी खोलीत होते ते सगळे, एकेकाच्या तोंडावर सांगणार. तू यायची गरज नाही. माफी मागत नाही, कारण मागितली की द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर. उत्तर देऊ नये असं वाटलं तर नको देऊस. पत्ता बाबांना देऊ नको म्हणालीस तर मरेपर्यंत देणार नाही.

फक्त एक गोष्ट तुझी आहे, ती मी इतकी वर्षं दाबून ठेवली, ती परत करते. सहा वर्षं तू आठवून आठवून स्वतःला विचारलं असशील, मी लावला होता का, की नव्हता? मी त्या दिवशी चार वाजता खोलीत आले ताई, तेव्हा कठडा वर होता. खटका पक्का बसलेला होता, मला तो काढायला दोन्ही हात लावावे लागले. तू लावला होतास.

शेंडे